हळदीचे तीन टाके

बेंगळूरू,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप अण्णास,

पद्माचा नमस्कार. मी बरी आहे, गुडघे सोडले तर. तू होसकोट्याला कसा आहेस, बीपीची गोळी वेळेवर घेतोस का, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी विचारते. फोन तू उचलत नाहीस. पाकिटावरचं माझं अक्षर बघून पत्र फाडण्याइतका कोरडा मात्र तू नाहीस.

सरी, असू दे ते. आधी बातमी. आमच्या म्युझियममध्ये आता दर शुक्रवारी संध्याकाळी फक्त मोठ्यांसाठी कार्यक्रम असतो. शाळेच्या सहली नाहीत, पोरांचा कल्ला नाही. मारतहळ्ळीहून, सर्जापूर रोडवरून कंपन्यांतली माणसं ट्रॅफिकला शिव्या घालत येतात. कॉफी बाहेर अंगणातच प्यायची, कपड्यांच्या दालनात मी कप आणू देत नाही. वीस वर्षं त्या दालनात स्टुलावर बसून मी एकच वाक्य बोलतेय, "मुट्टबेडी, हात लावू नका." मी तिथे ऑफिसर आहे असं तू व्याह्यांना सांगितलंस, तेही मला माहीत आहे.

काल विषय होता कपड्याची उलटी बाजू. उल्का मॅडम म्हणजे आमच्याकडच्या जुन्या कपड्यांच्या जाणकार, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी टेबलावर एक काळा, लांब, लग्नातला कोट उलटा करून ठेवला. कुणा घराण्याने गेल्या महिन्यात दिलेला. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'शिवणारा अज्ञात'. साठेक माणसं आळीपाळीने भिंगातून बघत होती. मॅडम म्हणाल्या, "गळपट्टीच्या आत हा पिवळा दोरा बघा. नंतर कोणीतरी केलेली दुरुस्ती. हात अगदी नवशिका."

मी स्वल्प पुढे झाले, वाकून बघितलं आणि ओरडलेच, "दुरुस्ती नाही ती!"

राखणदाराने कार्यक्रमात तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. गेला खड्ड्यात नियम! मी सांगितलं, हा शकुनाचा टाका. चिकपेटेत आमच्या दुकानात लग्नाच्या कपड्याला पहिला टाका हळदीत भिजवलेल्या दोऱ्याने घालायचे, आतून, कुणाला दिसणार नाही असा. माझे बाबा हणमंतराव, शिंपी. कन्नडमध्ये सांगितलं, हिंदीत सांगितलं, येतं तेवढं इंग्रजीही वापरलं. टाळ्या पडल्या रे अण्णा! उल्का मॅडमनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "अक्का, पुढचं तुम्हीच सांगा." मग काय, अर्धा तास मी बोलत होते आणि ती शिकलीसवरलेली माणसं ऐकत होती.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही.

बाबा एकच टाका घालायचे, सरळ. इथे तीन आहेत आणि तिसरा तिरपा. हा कोट शिवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू एकोणीसचा. कोळशाच्या इस्त्रीने बाबांचा उजवा हात भाजला होता आणि गिऱ्हाइकाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. फडकं गुंडाळलेला हात मांडीवर ठेवून बाबा सांगत होते, तू शिवत होतास. पहिल्याच टाक्याला तुझा हात थरथरला आणि एकाचे तीन झाले. शकुनाचा टाका उसवायचा नसतो, म्हणून बाबांनी तो तसाच ठेवायला लावला. बाकीचा कोट काल साठ माणसांनी बघितला. एक काज वाकडं नाही. पन्नास वर्षांत एक टीप सुटलेली नाही!

गिऱ्हाइकाने कोट घालून आरशात बघितलं आणि बाबांची पाठ थोपटली. बाबा हसले, पण हे माझ्या मुलाचं काम असं म्हणाले नाहीत. तू मागे उभा राहून गुंड्यांचा डबा लावत होतास. वर्षभरात तू दुकान सोडलंस.

सहा वर्षांपूर्वी तुझ्या विराजच्या लग्नात, भूमिकाच्या माहेरच्यांना तू "वडिलांचा टेक्स्टाइलचा धंदा होता" असं सांगितलंस, तेव्हा मी तुला दारात गाठून काय काय बोलले! बापाची लाज वाटते तुला, म्हणाले. तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, म्हणाले. काल त्या कोटासमोर उभी असताना कळलं, तुला लाज नव्हती, बाबांचं ते न बोलणं तुला लागलं होतं. माझं चुकलं, अण्णा. पाय धरून सांगते.

म्हणून काल मी सगळ्यांना खरं तेच सांगून टाकलं. "हा कोट माझ्या मोठ्या भावाने, दयानंदने शिवलाय." आणि वर बघते तर टेबलापलीकडे भूमिका, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर!  तुझ्या सुनेसमोर तुझं गुपित मीच फोडलं होतं. तिने भिंग घेतलं, कितीतरी वेळ वाकून बघितलं, मग मैत्रिणींना म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी शिवलंय हे. माझ्या सासऱ्यांनी!" असा अभिमानाने चढलेला आवाज मी लग्नातही तिचा ऐकला नव्हता. मला म्हणाली, "आत्या, बाबांना मी काही बोलणार नाही, तुम्हीच कळवा. पण एवढी मोठी गोष्ट त्यांनी आमच्यापासून का लपवली?"  याचं उत्तर तूच दे.

येत्या शुक्रवारी कोटाची चिठ्ठी बदलायची आहे. हयात माणसाचं नाव त्याने होय म्हटल्याशिवाय लावत नाहीत. नुसतं बाबांचं लावायचं तर उद्याच लागेल, मी नको म्हणाले. ते श्रेय एकदा बाबांनी घेतलं, दुसऱ्यांदा मी त्यांना घेऊ देणार नाही, त्यांची लेक असले तरी. तू नाही म्हणालास तर 'अज्ञात'च राहू दे.

पण नाही म्हणू नकोस. साडेसहाला ये. दारात मीच उभी असेन. गर्दी असेल, लोक विचारतील, ही कोण, तर त्यांना सांगायला मी आत्ताच पाठ करून ठेवलंय,

ज्याने तो कोट शिवला, त्याची धाकटी बहीण,
पद्मावती