मिठातलं घर

बाबा, दादाचं पत्र आलंय. आपल्या घराची स्लॅब सुटायला लागली. मधल्या खोलीत आई चटई टाकते ना, बरोबर तिथेच वरून हा एवढा ढलपा खाली आला. आतली सळई उघडी पडलीय, गंजून फुगलेली, हात लावला तर भुगा होतो असं दादा लिहितो. आई तेव्हा बाजारात मासळीच्या पाटीवर बसली होती म्हणून वाचली. पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल तर तुला शिवी दिली. मेलेल्या बापाला शिवी देऊ नये हे कळतं मला. पण तू होतास तेव्हा दिली नाही, पोटात राहिली, ती आता निघाली. तुला अक्षर येत नव्हतं आणि मी चौथीतून पळालेला. तू असतास तर हे माझं पत्र दादानेच तुला वाचून दाखवलं असतं, आणि वाचता वाचता यातलं सगळं तिखट काढून टाकलं असतं. आता तो मध्ये नाही, म्हणून लिहितो.

आपलं जुनं घर वाईट नव्हतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे शेणाने सारवलेला ओटा, आणि ओट्यासमोर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकायला टांगलेले. तुला त्या घराची लाज वाटली ती दादाच्या लग्नाच्या वेळी. तो मॅट्रिक झालेला, अंधेरीला कंपनीत टेबलाशी बसणारा, सगळ्या कोळीवाड्यात तेवढाच एक. पोरीचा बापूस बघायला आला, ओट्यावर बसला, मान वर करून कौलांकडे बघितलं आणि हसत हसत म्हणाला, "पोरगा हापिसात, नि घर अजून कौलाचंच?" तू पण हसलास. पण तो बसमध्ये चढल्यावर तू जेवला नाहीस, होडीकडे जाऊन बसलास. परत आलास तो स्लॅबचं घर ठरवूनच. तेव्हा अंधेरीच्या दोन्ही अंगांना बिल्डिंगी उठत होत्या, शेतं बुजवून, आणि आपल्या वाड्यात अजून एकाचंही घर स्लॅबचं नव्हतं. तुला पहिला व्हायचं होतं.

आणि त्या घरापायी माझं होडीचं इंजिन गेलं. मी तेव्हा तुझ्याबरोबर होडीवर होतो, मिसरूड फुटलं होतं, शाळा सोडल्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण मला दर्या येत होता. त्या दोन-तीन वर्षांत वाड्यातल्या होड्यांना एकामागून एक इंजिनं बसत होती. तू पण साठवलं होतंस, मच्छीमार सोसायटीत इंजिनासाठी नाव घातलं होतंस. कधी सकाळी जाग आली की मी पडल्या पडल्या दुसऱ्यांच्या इंजिनांचे आवाज ओळखायचो, हा अमक्याचा, हा तमक्याचा. मी विचारलं, "बाबा, मग इंजिन?"

"पुढच्या वरसाला."

"पुढच्या वरसाला ते सगले लांब जातील, नि आपन किनाऱ्याला कोलंबी येचत बसू."

"बस मग. तुज्या आज्यानं शिडावर संसार केला. तो काय उपाशी मेला?"

आज्याच्या वेळी कुणाकडेच इंजिन नव्हतं, हे तुला कोण सांगणार? मी सांगितलं असतं तर वल्ह्याने मारलं असतंस.

मग ती वाळू. मिस्त्री घाटावरचा होता, बिडी कानाला लावून फिरणारा, कामात बरा. खडी आली, सिमेंट आलं, विटा आल्या, आणि वाळूवर येऊन तू अडलास. समोर एवढा किनारा पसरलेला, आणि वाळूसाठी ट्रक बोलवायचा, हे तुला पटेना. तू दोन बैलगाड्या किनाऱ्यावर उतरवल्यास. मिस्त्रीने मूठभर वाळू हातात घेतली आणि म्हणाला, "नाखवा, ही नको. खारट आहे. नदीची आणू, चार दिवस उशीर होईल एवढंच."

"खारट म्हनजे? आमी पन खारटच. आमचं काय वाकडं झालं?"

"मग निदान धुऊन तरी घेऊ."

"इहिरीचं पानी बायका डोक्यावर आनतात, ते काय वालूला आंघोल घालाया?"

सगळे हसले. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. मग तू ते वाक्य बोललास, जे तू नंतर येईल त्याला ऐकवायचास: "मिठातला मासा वरीसभर टिकतो. बिनमिठाचा दुसऱ्या दिशी कुजतो. मंग मिठातलं घर का नाय टिकनार?" मिस्त्रीने बिडी पेटवली आणि त्याच वाळूत फावडं घातलं. त्याला काय, त्याला मजुरी मिळत होती. आणि आपल्या माणसांना ते पटलं, बाबा, हेच तर आहे. आईला पटलं, शेजाऱ्यांना पटलं. जन्मभर मिठाने मासा राखला, त्यांना मीठ कुणाला खातं हे सुचणार कसं? मलाही पटलं होतं. पण मी पोर होतो, तू घरधनी होतास.

स्लॅबचा दिवस मला अजून दिसतो. सगळी आळी उतरलीय. बायका लुगडं खोचून उभ्या, घमेलं या हातातून त्या हातात, खालून वर, कुणीतरी गाणं धरलंय. मी शिडीवर मधे उभा, खांदे भरून आलेत. तू डोक्याला नवा रुमाल बांधून वर फिरतोयस, जसा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला उभा राहायचास तसा. दुपारी सगळ्यांना मटण-भाकरी. जेवताना तुझा एक दोस्त बोलून गेला, "नाखवा, घर झालं, आता धाकट्याला इंजिन घेऊन दे. तोंड बघ त्याचं, सुकट झालंय." मला वाटलं आता तू काहीतरी बोलशील, सगळ्यांदेखत शब्द देशील. तू भाकरी मोडत म्हणालास, "ह्याला इंजिन? आदी जालं नीट शिवाया शिकूं दे. साला इंजिनासकट होडी घालवंल." पंगत हसली. दादाचा होणारा सासरा सगळ्यात मोठ्याने. मी हात धुऊन उठलो.

नंतर तू मला वर बोलावलंस. ओल्या स्लॅबवर पाणी मारलेलं, गोणपाटं पसरलेली, आणि चारी कोपऱ्यांतून सळया कमरेएवढ्या वर आलेल्या. तू त्यातली एक धरून हलवलीस आणि म्हणालास, "ह्या तुज्या. खाली दादूस, वर तू. तुजं लगीन ठरलं का वरचा मजला चढवू." मी पण ती हलवून बघितली. खरं सांगायचं तर मला आवडलं होतं. इंजिन नाही तर नाही, मजला तर मजला, असं एक-दोन दिवस वाटलंसुद्धा. तू मला आयुष्यात दिलेली ती एवढीच वस्तू, हवेत उभ्या असलेल्या सळया. आई त्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालायची.

पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतींना घाम सुटला. आधी ओल, मग ओल सुकली की पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी. आई रोज फडक्याने पुसायची आणि रोज ते परत यायचं. वहिनी नवीन होती, तिच्या लग्नातल्या साड्यांना डाग पडले, ती माहेरी जाऊन काय बोलली असेल ते बोलली. तू म्हणायचास, "नवीन घर हाय, घाम काढतंय. निघून जाईल." एकदा मी तुझ्यासमोर भिंतीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मीठ होतं, बाबा. जेवणात पडतं ते मीठ.

"घराची चव बघतंस?" तू म्हणालास. "जेवन कमी पडतंय काय तुला?"

मी म्हणालो, "तूच चाटून बघ."

तेव्हा तू मारलंस. एकच, पण सगळ्यांसमोर, वहिनीसमोर. मी त्याच आठवड्यात घर सोडलं. आरेला तबेल्यावर राहिलो, म्हशी धुतल्या. मग घाटकोपरच्या टेकडीवर पत्र्याच्या खोलीत चौघांबरोबर राहून सेंट्रिंगची कामं केली. बघ, दर्यावरचा माणूस टेकडीवर राहिला आणि लोकांच्या स्लॅबा घालत फिरला. आपली होडी तू मागाहून विकलीस. शिडावर लांब जाता येईना आणि जवळ मासळी उरली नव्हती, मी म्हटलं होतं तसंच. मी म्हटलं होतं हे म्हणायची संधी पण तू दिली नाहीस. होडी गेल्याचं मला बाजारात कळलं, एका कोळणीकडून.

आता मी मस्कतला आहे. इथेही तेच काम, सिमेंट आणि सळई. आलो त्या पहिल्याच आठवड्यात मिक्सरसाठी वाळू भरायला सांगितली. जवळ किनारा होता, मी तिथूनच हातगाडी भरून आणली. समोर दिसली ती, तुझ्यासारखीच. फोरमनने लाथ मारून गाडी उलटी केली. "अंधा है क्या? समंदर का नहीं! लोहा खा जाएगा!" आजूबाजूचे बघत होते. मी वाळू परत भरत बसलो आणि मला हसू आवरेना, त्याला वाटलं हा वेडा आहे. तुझ्यामुळे मी परदेशातसुद्धा लाथ खाल्ली, असं वाटत होतं. आणि वाटत होतं, त्या मिस्त्रीने त्या दिवशी अशी एक लाथ मारायला हवी होती. पण तुझ्या दारात तुझ्या गाडीला लाथ मारणारा कोण होता?

तुझ्या शेवटच्या पावसाळ्यात मी इथून सुट्टीवर येऊन राहिलो होतो, आठवतं का तुला? तुला दमा धरला होता. एका भिंतीची ओल वाढली की तुझी खाट दुसऱ्या भिंतीला, ती ओली झाली की तिसऱ्या. आई आणि मी खाट उचलायचो, तू तिच्यावर बसून "हळू, हळू" करायचास, जसं काही होडी पाण्यात लोटतोय. वरच्या सळयांतून गंजाचं पाणी आत उतरत होतं, कोपऱ्यात तांबडे ओघळ. एके दुपारी आपण दोघेच होतो. मी विचारलं. भांडायला नाही विचारलं, खरंच सांगतो, मऊ आवाजात विचारलं, "बाबा, वाळूचं चुकलं ना आपलं?" मुद्दाम 'आपलं' म्हणालो, तुला सोपं जावं म्हणून. तू त्या ओघळाकडे बोट केलंस. मला वाटलं, आता. मग म्हणालास, "दादूसनं रंग हलका आनला."

त्यानंतर आठ-दहा दिवसांत तू गेलास.

आता घर पाडायचं ठरलंय, तर आई ऐकत नाही. वरून ढलपा पडला तरी तिथेच चटई टाकते, फक्त हातभर बाजूला. म्हणते, "ह्यांनी बांदलेलं घर मी जिती हाय तंवर पाडू देनार नाय. ह्यांनी चुकीचं काय केलं? बोला ना." दादा तिला समजावतो, वहिनी रडते, आई दोघांनाही दाराबाहेर काढते. दादाने मला लिहिलंय, "तू लिही. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, तू लांब आहेस." बघ, लांब असल्याचा हा एक फायदा. उरलेली स्लॅब उद्या पडेल की पुढच्या महिन्यात, कुणाला ठाऊक? मी स्लॅबा घालतो, मला माहीत आहे की भुगा झालेली सळई एखाद्या दुपारी कुणाला न विचारता सोडून देते. ती स्लॅब आईच्या अंगावर सोडेल.

म्हणून शुक्रवारी सुट्टीला बसलो आणि आईला पत्र लिहिलं. आधी खरं लिहिलं. वाळू खारट, बाबांचा हट्ट, मिस्त्री सांगत होता, सगळं. दोन पानं झाली, आणि दादाची मोठी पोर ते तिला वाचून दाखवतेय असं डोळ्यांसमोर आलं. आईने पोरीच्या हातातून कागद ओढून घेतला असता आणि त्या छपराखालीच बसली असती, आणखी घट्ट. फाडलं. मग दुसरं लिहिलं. लिहिलं की बाबा जायच्या आधी एका दुपारी माझ्याशी बोलला होता. म्हणाला, वाळूचं माझं चुकलं. पोरांना त्रास नको. पुढेमागे घर उतरवायला लागलं तर तुमच्या आईला सांग, मीच सांगितलंय म्हणून, आणि नव्याला नदीची वाळू घाला. एवढंच. तुझ्या बोलण्यासारखं वाटावं म्हणून मध्ये एक शिवी पण घातली, दादाच्या नावाने.

म्हणजे जे तू मला दिलं नाहीस ते मी तुझ्याकडून काढून आईला दिलं. तिच्या मनात आता तू आणखी मोठा होणार. आपली चूक कबूल करून गेलेला नवरा, असा ती बाजारात तुला मिरवणार. मला याचा राग येतो. तुझं काम मी करायचं, नाव तुझं व्हायचं, हे तू मेल्यावरही सुटलं नाही.

ते पत्र आज टाकलं. हे टाकणार नाही, कुठे टाकणार? पण ते पत्र टाकायच्या आधी त्यातली 'वाळूचं माझं चुकलं' ही ओळ मी खोलीतल्या रत्नागिरीच्या पोराला वाचून दाखवली, बरी वाटते का बघायला. तो तांदूळ निवडत होता. ऐकून थांबला. म्हणाला, "बापूस बरो होतो रे तुझो. आमच्यान असा कधी म्हटल्यान नाय." मी हो म्हटलं. आणि तुला सांगायचं तर, म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.