आईच्या कुंकवाचा लेयर

मंगळवार, संध्याकाळ

आई-पप्पांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी टॅबवर दोघांचं चित्र काढतेय. सवयीनं सगळं वेगवेगळ्या लेयरवर, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांवर काढावं तसं, ठेवलेलं. चेहरे, साडी, आईचं कुंकूसुद्धा. एक बदलताना दुसरं बिघडत न्हाई म्हणून.

आज आई मागं येऊन उभी राहिली, आणि तेव्हाच लेयर लपवायच्या खुणेवर माझं बोट पडलं. कुंकू गेलं. उघडं कपाळ. मी लगेच परत आणलं, पण तिनं पाहिलं होतं.

"पप्पाला फोन लाव," एवढंच म्हणाली.

पप्पा एमआयडीसीत, लोखंडाच्या भट्टीवर. दोनदा लावला, उचलला न्हाई. ड्यूटी तर सुटली असेल. मंग गाडीवर असतील. असतीलच ना?

मी असलं काही मानत न्हाई. मंग सगळे लेयर एकत्र करून सेव्ह का केलं? आता कुंकू कपाळापासून वेगळं करताच यायचं न्हाई. तरी डोळ्यासमोर ते उघडं कपाळ.

आत आई आरशासमोर उभी आहे. कपाळावर कुंकू आहे, अन् त्याच्यावरच पुन्हा लावून राह्यली.