वलांडीवरची खेचणी

बाबा, तुझी खेचणी परवा खिळ्यावरून खाली काढली. तू गेलास तेव्हा माझा मुलगा रांगत होता, आता दाढी करतो. एवढी वर्षं ती आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागे लटकून होती, आणि आयने तिचा उपयोग काय करावा? कांद्याची पिशवी अडकवायला. आरे कॉलनीतल्या कुंपणांच्या तारा जिने ताठ केल्या, तिच्या गळ्यात दोन किलो कांदे! मी पिशवी काढली तर आय ओट्यापासून ओरडली, "खाली नको ठेवू गो, उंदीर हायत." खेचणी कशाला काढतेस, असं तिने विचारलं नाही. विचारेल कशाला, तिनेच तर बोलावलं होतं मला त्यासाठी.

झालं असं की तू गेल्यावरही आय दरसाल हातानेच दोर बांधून विकतची मासळी सुकवायची, पण गेल्या साली तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आपली बोंबील सुकवायची वलांडी अख्खा हंगाम उघडी राहिली. नुसते बांबू उभे, त्यांच्यावर एक दोर नाही, दोरावर एक बोंबील नाही. तुला गावाचा रिवाज माहीत आहे. लागोपाठ दुसऱ्या वर्षीही दसऱ्यापर्यंत दोर चढला नाही, तर ती वलांडी ज्याला गरज आहे त्याला द्यायची. रिवाज वाईट नाही. खळ्यावर मासळी सुकवायला जागा उरली आहे कुठे आता, निम्म्यात गाड्या उभ्या असतात. शेजारच्या मावशीचे तीन मुलगे, तिघांच्या बोटी, तिला जागा पुरत नाही. तिने मागितली असती तर मी आनंदाने दिली असती. पण आयचा फोन आला. "दसरा आला. तू येतेस, का तुझ्या बापसाची वलांडी जाऊ देऊ?"

मी म्हटलं, "आये, तुझे गुडघे गेले, डोळ्याचं ऑपरेशन आत्ता झालं. मी दिंडोशीला राहते, रोज ऑफिस. आपल्याकडे बोट नाही, मासळी नाही. कोण सुकवणार आहे तिथे?"

"तुला सुकवायला कोण सांगते? दोर बांध. मासली मावशी घालेल."

"मग मावशीलाच देऊन टाक ना जागा."

पलीकडे भांडी आदळायला लागली. आय फोनवर भांडी आदळते तेव्हा समजायचं की आपली वाट लागली. मी म्हटलं, "बरं, येते रविवारी."

खरं सांगू, मला राग आला होता. कसली वलांडी नि कसलं काय! पण घरी खिडकीपाशी चहा घेत उभी राहिले तर समोर आरेची झाडी. गंमत बघ, तू जिथे रोज दोन बस बदलून कामाला जायचास, ती जागा आता माझ्या खिडकीतून दिसते. आपली होडी खडकावर फुटली आणि तू किनारा सोडून तबेल्यांकडे गेलास, तेव्हा मी चौथीत असेन. गवताच्या शेतांना तारांची कुंपणं आणि ती दुरुस्त करायला तू. कोळ्याचा पोर, दर्यात वाढलेला, आणि काम काय तर म्हशींनी गवतात शिरू नये म्हणून तार ताणायची. मला एकदा सुट्टीत घेऊन गेलास. उंच हिरवं गवत, शेणाचा वास, आणि कुंपणाला अंग घासणाऱ्या भल्यामोठ्या म्हशी. तू पिशवीतून खेचणी काढलीस. हातभर लोखंडी दांडा, पुढे तारेला धरणारा जबडा, मधे दातेरी चाक, आणि त्या चाकाचा दात मागे सरकू नये म्हणून अडवणारी छोटी जीभ. "तोंड बघ याचं," तू म्हणालास, "बोंबलासारखं उघडं." जबड्यात तार धरलीस, साखळी खांबाला गुंडाळलीस आणि दांडा मागेपुढे करायला लागलास. कट्, कट्, कट्. दर आवाजाला तार एक दात पुढे यायची. लोळागोळा होऊन पडलेली तार बघता बघता सरळ झाली. मग तू बोटाने टिचकी मारलीस, तार टण्ण वाजली आणि तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. दुपारी डबा उघडलास, सुक्या बोंबलाची चटणी. तुझ्याबरोबरचे दोघे कोकणातले, ते नाक दाबून हसतात, "दर्यावाले, तुमचो डबो उघडलो की म्हशी दूध चोरतत." तूही हसतोस. मला मात्र तेव्हा वाटतं की हा आपला बाबा इथे पाहुणा आहे.

मग त्या खेचणीने तुझ्या डोक्यात वारं भरलं. वलांडीचा दोर सैल पडतो, बोंबील जमिनीला टेकतात, कुत्री ओढून नेतात, ही खळ्यावरची जुनी कटकट. तू एका रविवारी खेचणी घेऊन खळ्यावर हजर. लोखंडी जबड्याने दोर कापला जाऊ नये म्हणून त्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलास. या टोकाच्या बांबूपासून त्या टोकाच्या बांबूपर्यंत एकेक दोर असा ताणलास, असा ताणलास की टिचकी मारली की वाजावा. बायका जमल्या. "अगो बाय, दादूसने वीणाच लावली." तू छाती काढून उभा. मी मैत्रिणींना ओढून ओढून आणत होते, आमच्या बाबाने केलंय म्हणून. आय पुढे आली. तिने दोर हाताने दाबून बघितला, दोर दबला नाही, आणि ती कपाळाला आठी घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बोंबील चढले. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरावर टाकायचे, आयचा हात मशीनसारखा चालायचा. ओला बोंबील म्हणजे काय, निम्म्याहून जास्त पाणीच. सगळे दोर भरले. कुंपणाच्या तारेवर कोणी काही लटकवत नाही रे बाबा, ती नुसती ताठ उभी राहिली की तिचं काम झालं. वलांडीच्या दोराला वजन पेलायचं असतं, त्याला खाली यायला जागा लागते. ही जागा तू ठेवलीच नव्हतीस. उन्हं वर आली आणि कोपऱ्यातला बांबू आतल्या बाजूला वाकायला लागला. मी शाळेतून येते तर अख्खी वलांडी वाळूत. बांबू मुळासकट उपटलेला आणि ओल्या मासळीवर वाळूचा थर. तू नेमका त्या दिवशी लवकर आलेला. आय उभी, पदर खोचलेला, आणि सगळ्या खळ्यासमोर तिने तुला ऐकवलं, "म्हशींचं कुंपण हाय काय हे? तारा वढून वढून तू कोली नाय रवलास!"

तू खाली बसलास आणि एकेक बोंबील उचलून पाटीत टाकायला लागलास. ती मासळी खतात गेली, ते जाऊ दे. पण आय जे बोलली ते कुठे गेलं नाही. बायका हळूहळू पांगल्या, कुणी हसलंसुद्धा नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. होडी गेली तेव्हा तू रडला नव्हतास, मला आठवतं. त्या दिवशी बोंबील धुवायला म्हणून समुद्रात गेलास आणि कितीतरी वेळ पाठ करून उभा राहिलास. मला तुझी इतकी दया आली आणि आयचा इतका राग आला की मी रात्री तिच्या हातचं जेवले नाही. तिने ताट झाकून ठेवलं.

तो पूर्ण हंगाम तू खळ्यावर फिरकला नाहीस. रविवारी उंबऱ्यावर बसून खेचणीला तेल लावायचास, पुसायचास, पुन्हा तेल लावायचास. घरात तुमचं बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच. मग पुढचा दसरा आला. मी ओट्यापाशी उभी आहे, तू चहा पितो आहेस, आणि आय आतून येते, खेचणी तुझ्या कपाशेजारी ठेवते. "चल. दोर बांधायचाय." बस्स. माफी नाही, समजूत नाही. तू चहा अर्धा टाकून उठलास. खळ्यावर तू दोर आधी पूर्ण ताणलास, सवयच ती. मग जीभ उचलून एक दात मागे सोडलास आणि आयकडे बघितलंस. ती दर्याकडे बघत होती, जणू तिचा काही संबंधच नाही. अजून एक दात सोडलास, पुन्हा बघितलंस. अजून एक. मग ती म्हणाली, "हां." तू तिथे थांबलास आणि दोर बांधलास. मग दरसाल तसंच. ताणायचं तू आणि कुठे थांबायचं ते तिने सांगायचं. मी मोठी झाले, लग्न होऊन गेले, तरी दसऱ्याच्या सुमाराला आले की बघायचे. तुम्ही दोघं न भांडता एवढा वेळ एकत्र उभे राहिलेले मी दुसरीकडे कुठे बघितले नाहीत.

तर परवा रविवारी मी खेचणी घेऊन खळ्यावर. आयला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवली, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा गॉगल, अगदी हिरोईन. मावशी म्हणाली, "आज शूटिंग हाय काय गो?" खेचणीची जीभ गंजून बसली होती, तेल घालून घालून सुटली. पहिल्याच झटक्याला माझं बोट चिमटलं आणि तोंडातून जे निघालं ते तुला सांगण्यासारखं नाही. मावशी खो खो हसते आहे. मी दांडा मागेपुढे करते आहे, कट्, कट्, कट्, आणि बाबा, तो आवाज ऐकताच आयने मान वर केली. गॉगलातून तिला दोर दिसत नव्हता, मला माहीत आहे, समोरची मी तिला धूसर दिसत होते. दोर ताठ झाला. मी विचारलं, "आता?"

"आता सोड."

मी जीभ उचलली, एक दात सोडला. दुसरा सोडला. तिचं तोंड दर्याकडे. आणखी एक सोडल्यावर मी तिच्याकडे बघितलं आणि मला एकदम कळलं की मी आत्ता तू जसा बघायचास तशी बघते आहे. "हां," आय म्हणाली. "बस. तो हितंच थांबायचा." दोर मला चांगलाच ढिला वाटत होता. पण बांधला. एकामागून एक सगळे बांधले, दर वेळी तिच्या कानाने.

सोमवारी मी रजा टाकली. मावशीच्या मुलांनी सकाळी बोंबील आणले आणि बायकांनी भराभर चढवले. माझा जीव टांगणीला. दोर खाली यायला लागले, आले, अजून आले, मधले बोंबील वाळूपासून चार बोटांवर. कुत्री येऊन बसली. माझ्या डोळ्यांसमोर तो जुना दिवस. म्हटलं, पडली वलांडी की मावशी काय, कोणीच पुन्हा आपल्या दोरावर मासळी घालणार नाही, आणि मग बांधलेल्या दोराचं करायचं काय? मी धावत जाऊन खेचणी आणली. "दोन दात ओढते आये, दोनच."

"हात लावू नको."

"अगं टेकतायत!"

"टेकू दे. पाणी गेलं की दोर उठेल." आणि कुत्र्यांसाठी काठी घेऊन ती दिवसभर खुर्चीत बसून राहिली. डब्यात चपाती दिली तीही तिथेच खाल्ली. मी दर थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या बांबूकडे बघायचे. बांबू सरळ उभा होता.

दुसरी रजा मी मागितली नाही, नुसतं कळवलं. मंगळवारी संध्याकाळी उन्हाने बोंबील आक्रसले होते, हलके झाले होते, आणि दोर वर आला होता रे. कोणी हात न लावता. मावशी आली, दोर बघितला, म्हणाली, "झकास बांधलास. पुढच्या सालीपण तूच बांध. जागा तुमची, मासली माझी." म्हणजे वलांडी राहिली. आयला खुर्चीतून उठवायला मी हात दिला तर ती उठेना. दर्याकडे बघत, मला नव्हे, कोणालाच नव्हे असं म्हणाली, "कोलीच होता गो तुझा बापूस. मीच उगाच बोलले तेवा."

हे तुला कळायला हवं, म्हणून मी आज एवढं लिहीत बसले. लिहून झाल्यावर वाटलं, आयला वाचून दाखवावं. पण नको. वाचलं तर ती म्हणेल, असं मी कदी बोलले, नि पुन्हा खेचणीला कांदे अडकवेल. तर हा कागद माझ्याकडेच राहू दे. फक्त एक सांगते, तुझ्यामाझ्यात. ती बोलली ते मला पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "काय गो आये, वाऱ्यात ऐकू नाही आलं." आणि तिने ते पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं.