चुलीजवळचा पाट

माय, विमानात मला गरम पाणी मिळालं नाही.

एवढ्याशा गोष्टीसाठी मेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का, असं तू म्हणशील. पण जिवंत माणसांकडे रीतसर दाद मागून झाली आहे. बंगळूरहून नागपूरला येणारं विमान आधीच तीन तास उशिरा सुटलं. त्याबद्दल कंपनीने दर अर्ध्या तासाने दिलगिरी व्यक्त केली आणि दर दिलगिरीनंतर आणखी उशीर केला. आत बसल्यावर माझ्यापुढे उपम्याचा एक कागदी कप आला. वरचं झाकण सोलायचं, गरम पाणी ओतायचं, थोडा वेळ थांबायचं की उपमा तयार. मी झाकण सोललं. आत रवा होता, वाळलेला वाटाणा होता, कढीपत्त्याची दोन मरतुकडी पानं होती. आता पाणी येणार म्हणून मी हात आवरून बसलो. तेवढ्यात विमान हेलकावे खायला लागलं आणि हवाई सुंदरीने जाहीर केलं की हवा खराब असल्यामुळे गरम काहीही मिळणार नाही. मी म्हटलं, बाई, मग हा रवा मी पेरू का? ती हसली नाही. तिने सांगितलं, "सर, तुम्ही फीडबॅक देऊ शकता."

तुझ्या लेकाचा धंदा तुला नीटसा ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी नुसतीच किरकिर करायचो, आता त्याचे पैसे मिळतात. दर रविवारी वर्तमानपत्रात मी कुणाची ना कुणाची कागाळी करतो आणि लोक चहाबरोबर ती चवीने वाचतात. तेव्हा मी फोन काढला आणि तिथंच, रवा मांडीवर घेऊन, कंपनीला पत्र लिहायला बसलो. काय पत्र होतं, माय! एकेक वाक्य घासूनपुसून लिहिलं. शेजारी कोण बसलंय तेही मी पाहिलं नाही.

कंपनीत माणूस नसतो हे मला नंतर कळलं. पत्र पाठवलं की एक यंत्र उत्तर देतं, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. फोन केला तर नुसती गाण्याची धून वाजते, मग दुसरी धून वाजते. आठवड्याने निकाल आला. पुढच्या प्रवासात मला एक उपमा फुकट मिळेल. खाली विचारलं होतं, या निराकरणावर आपण समाधानी आहात का? आणि मला पुन्हा तू आठवलीस.

वर्ध्याजवळ सावंगीला ती दोन खोल्यांची भाड्याची जागा, मागच्या पडवीत चूल, पुढच्या खोलीत भिंतीला टेकून जेवणारी मेडिकलची पोरं. बाबा शेतीपायी गावाकडेच असायचे, खानावळ सगळी तुझी. तुझ्याकडे तक्रारीचा एकच कायदा होता. जो म्हणेल भाजी बरी नाही, त्याचा पाट दुसऱ्या दिवशी चुलीजवळ. तू त्याला तव्यावरची पोळी थेट ताटात वाढायचीस, वाफ निघत असताना, आणि तो घास गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचीस. वाद नाही, सफाई नाही. अर्थात पोरं हुशार. नागपूरचा एक जाडा पोरगा रोज ओरडायचा, "काकू, आज की भाजी एकदम बेकार!" तू पडवीतून विचारायचीस, "बेकार हाये तं ताट काऊन चाटून राह्यला रे?" सगळी खोली हसायची. आणि दुसऱ्या दिवशी तो चुलीपाशी, लाल झालेल्या तोंडाने, सहावी पोळी खात.

मी एकदा चिडून तुला म्हणालो होतो की हा लबाड आहे, तू फसतेस. तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बोलून राह्यला न थो? म्हणजे उद्या येते जेवाले. जो काई बोलत नाई, थो गेला समजजो."

आणि तू? तुझं जेवण सगळ्यात शेवटी, चूल विझल्यावर, दाराकडे पाठ करून. पोळ्या गार, कडा वातड. मी पोटभर जेवून हात धुताना विचारायचो, माय, एखादी गरम करून घे की. तू म्हणायचीस, "मले गारच गोड लागते." पुढे तू जेवताना डावा हात बरगडीखाली दाबून बसायला लागलीस. निम्मं मेडिकल कॉलेज रोज आपल्या घरी जेवत होतं. कुणाला मीठ जास्त झालेलं कळायचं, कुणाला तेल कमी झालेलं कळायचं. तुझा हात कुणाला दिसला नाही, मलाही नाही. विचारलं तर तू म्हणायचीस, "काई नाई, गॅस झाला असन." शेवटी जेवायला येणाऱ्या पोरांनीच तुला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता. तो जाडा पोरगा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. न बोलणारा गेला समजायचं, हे तूच मला शिकवलं होतंस. तुझ्या बाबतीत मला ते ऐकू आलं नाही.

आता विमानात परत ये. पत्र पुरं करून मी मान वर केली तर शेजारून कुरकुर असा आवाज येत होता. खिडकीशी एक म्हातारी बसली होती, नऊवारी, कपाळावर गोंदण, मांडीवर माझ्यासारखाच कप. आणि ती त्यातला कोरडा रवा चिमटीचिमटीने तोंडात टाकून चावत होती. सावकाश, मन लावून. वाटाणा दाताखाली आला की थांबायची, गालाच्या दुसऱ्या बाजूला घ्यायची, पुन्हा चावायची.

मी म्हटलं, "आजी, अहो, यात पाणी घालायचं असतं."

"हो काय?" तिने कपात पाहिलं. "मले वाटलं इमानात असंच खातेत. चिवड्यावानी."

"मग मागायचं ना त्या मुलीला!"

"जाऊ द्या भाऊ. चांगलं हाये." आणि मग जरा खालच्या आवाजात, "तुमी काऊन भांडून राह्यले होते तिच्यासंग? थे बी सकाळपासून उभी हाये."

ती आर्वीजवळच्या खेड्यातली. पोराकडे बंगळूरला गेली होती, पहिल्यांदाच विमानात बसली होती. भाचा तिला घ्यायला वर्ध्याच्या बसस्टँडवर येणार होता, पण विमानाच्या उशिरामुळे तो आर्वीला परत गेला होता आणि आता पुन्हा निघत होता. सकाळपासून तिच्या पोटात एवढाच रवा. नागपूरला उतरल्यावर मी तिला माझ्या टॅक्सीत घेतलं. भाच्याला फोन करून पत्ता दिला, आजीला वर्ध्याला माझ्या घरी घेऊन जातो, तिकडेच ये म्हटलं. वाटेत मी तिला तीनदा विचारलं, भूक लागली का. तीनदा उत्तर आलं, नाई.

मी चिडलो होतो, माय. विमान कंपनीवर नाही. तिच्यावर. त्या "चांगलं हाये"वर.

घरी बायको म्हणाली, मी टाकते पोळ्या. म्हटलं, नको, आज मी. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवतो म्हणालो. तुझा पाट देवघराखालून काढून पुसला, पण आजीचे गुडघे खाली बसू देईनात. मग गॅसच्या ओट्याला लागून प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि पाट तिच्या पायाखाली दिला. आजी संकोचाने अवघडून बसली. "मी बाहेर बसतो न भाऊ. तुमचं होऊ द्या अगुदर."

"इथंच बसा," मी म्हणालो. "आमच्या घरची रीत आहे."

रीत तक्रार करणाऱ्यासाठी होती, हे मी सांगितलं नाही. पहिली पोळी लाटली, तिला कोपरे आले. तव्यावरून थेट ताटात वाढली, वर तूप, शेजारी बायकोने केलेलं वरण. आणि तुझ्यासारखा उलथणं हातात धरून आजीच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

तिने घास गिळला. "चांगली हाये."

"खरं सांगा."

"चांगली हाये न, बाबू."

"आजी, माझी माय खानावळ चालवायची. मला खोटं कळतं." हे खोटं होतं, माय. मला ते कधीच कळलं नव्हतं.

तिने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ ताटातल्या पोळीचा कोपरा बोटाने दाबत राहिली.

"कडा कच्च्या राह्यल्या," ती म्हणाली. "अन् कणकीत मीठच नाई. बायकोनं शिकवलं नाई काय?"

बायको खदखदून हसली. आजीही हसली, पदर तोंडाला लावून. मी ओट्याकडे वळलो, कारण मला वळावं लागलं. लाटून ठेवलेल्या दोन तशाच भाजून डब्यात टाकल्या, बाकीच्या कणकेत मीठ घालून पुन्हा मळली. आजीसाठी दुसरी पोळी कडा दाबून भाजली, ती टम्म फुगली. आजीने न विचारता ताट पुढे केलं. चार पोळ्या खाल्ल्या. भाचा आला तेव्हा तिला उठायचं नव्हतं.

ती गेल्यावर ओटा आवरला. बायको आधीच जेवली होती. डब्यात पहिल्या कणकेच्या दोन पोळ्या उरल्या होत्या. त्या मी उभ्यानेच खाल्ल्या, गॅस बंद केल्यावर, दाराकडे पाठ करून.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. एवढं मात्र लिहून ठेवतो की इतकी वर्षं मी तुझं ते बोलणं खरं धरून चाललो होतो. गार पोळी गोड लागत नाही, माय.