चेहऱ्याला काही लावायचं नाही

४ मे १९९३
डोळे घट्ट मिटलेले, टेबलफॅन तोंडावर, तरी कपाळ पेटलंय. डॉ. बाई ॲसिडचा बोळा गालावरून नेतायत. "हलू नको. आता पांढरं होईल, मग तपकिरी, मग साल निघेल. आपोआप. नखाने ओढलीस तर नवा डाग."
वर्षभर गोळ्या खाऊन पुटकुळ्या थांबल्या, तेव्हा कुठे बाई याला तयार झाल्या. खोल खड्डे याने जाणार नाहीत. ते मशीनने घासावे लागतात, तेही मुंबईला. उथळ भरतील, म्हणाल्या.
निघताना पुन्हा: "ऊन नाही. बेसन, हळद, चंदन, चेहऱ्याला काही लावायचं नाही."
मे मुद्दाम निवडला. मी शिकवते ते कॉलेज बंद, दादाचं लग्न महिनाअखेर. तोवर घरात बसायचं.

५ मे
चेहरा ताणलेला. तोंड पुरतं उघडत नाही. बदलापुरात दिवसभर वीज नाही.
दुपारी मुलीकडचे आले. तिच्या आजोबांचं काही खरं नाही. सुतक आलं तर लग्न लांबणार, म्हणून दहा तारखेलाच उरकू. आई लगेच हो म्हणाली.
मी म्हटलं, माझी साल निघत असेल तेव्हा.
"तुझ्याकडे कोण बघतंय?"
हीच दहावीपासून माझ्या तोंडाला जायफळ उगाळून लावत आली. लोक बघतात म्हणून.

७ मे
हनुवटीची साल सुटली. खाली गुलाबी, गुळगुळीत. हात लावला नाही.
वर्गात कायम डावा गाल फळ्याकडे ठेवून शिकवते. जूनमध्ये कदाचित
हा विचार नको.
दादाला सांगितलं, हळदीला मी आत बसेन. "बस की. मी सांगतो सगळ्यांना."

९ मे
सांगितलं नाही.
त्याला हळद लागली आणि अंबरनाथची आत्या वाटी घेऊन खोलीत. "करवली आणि दार लावून?"
आत्या, नको. ॲसिड लावलंय.
"ॲसिड? अगं बाई! मग तर हळदच पाहिजे."
दोन्ही गालांवर, तळव्याने. मागून कोणीतरी: "भावाची उष्टी लागली, आता हिचंही जमेल!" बायका हसल्या.
नळाखाली तोंड धरलं. उजव्या गालाची साल हळदीबरोबरच निघून आली. खाली ओलं, लाल. आत्या दारात: "जंतू मरतात गं हळदीने." दादा पाटावरून बघत होता.
शेजाऱ्यांकडून दवाखान्यात फोन केला. रविवार. नुसता वाजत राहिला.
गाल ठणकतो. डाग पडणार का, एवढंच कोणीतरी सांगावं.

१० मे
सकाळी वऱ्हाडाची बस कर्जतला गेली. मी गेले नाही. करवलीचा कऱ्हा आत्याच्या मुलीकडे दिला. पदर तोंडावर घेऊन उल्हासनगरला आले. दवाखान्याच्या पायरीवर बसलेय. शटर अजून उघडलेलं नाही.