शेजारची फरशी

९ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

घडले ते असे:
१. चार तारखेला आमच्या वेधशाळेने नव्या धूमकेतूचे गणित जाहीर केले. तीन वर्षांनी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता चारशेत एक.
२. पाच तारखेला तुम्ही मोतीबिंदूचे ऑपरेशन रद्द केले.
३. सहा तारखेला आत्याने मला फोन केला.
४. ते गणित मी केले होते.

चारशेपैकी तीनशे नव्याण्णव वेळा तुम्हाला तो डोळा हवाच आहे. आत्या म्हणते, बायकांची नाजूक घड्याळे तुम्ही न उघडताच परत देता. असेच चालले, तर दुकान बंद पडायला धूमकेतूची गरज नाही.

तुमची,
सेकंदकाटा

१३ मार्च

चि. सेकंदकाट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या आधी बातमी फोडते, मग मला सांगते. असो. आजच्या पेपरात साठात एक आलंय. तुमचं गणित सुधारतंय तसतशी आमची पंचाईत वाढतेय. तीनच वर्षं काढायची तर जुना डोळा पुरेल. शिवाय त्या डॉक्टरांचं घड्याळ माझ्याकडेच दुरुस्तीला आहे. रोज दहा मिनिटं मागे पडतं. असल्या माणसाच्या हाती डोळा द्यायचा? घाबरलो म्हणशील, तर तसं काही नाही.

तू 'पुढच्या महिन्यात येते' म्हणालीस, त्याला दोन वर्षं झाली. धूमकेतूची निदान तारीख तरी ठरलेली आहे.

तब्येत सांभाळ.
बाबा

२० मार्च

ती. बाबांस,
सा. न.

आकडा का वाढला ते सांगते. तुमच्या हातून स्क्रू पडला की आधी अख्ख्या खोलीवर संशय असतो. एकेक फरशी तपासून सोडली की उरलेल्या प्रत्येक फरशीवरचा संशय वाढतो. पृथ्वी ही शेवटच्या काही फरशांपैकी एक होती. काल नवे वेध आले आणि स्क्रू शेजारच्या फरशीवर सापडला. धूमकेतू चंद्राच्याही पलीकडून जाईल. शक्यता शून्य. तीनदा तपासले, चौथ्यांदा तुमच्यासाठी.

मंगळवारी आकडा नऊत एकवर गेला होता. त्या दिवशी मी घाबरले. हे आत्याला सांगू नका. रजेचा अर्ज तेव्हाच लिहिला, पण दिला नाही. भीती दाखवायची नव्हती. आज दिला. त्यामुळे तुमचे 'तसं काही नाही' हे वाक्य मला चांगले वाचता येते.

तीस तारखेला सकाळी दहाची वेळ मी दवाखान्यात पुन्हा घेतली आहे. मी दाराबाहेर बसेन. डॉक्टर वेळेवर यावेत म्हणून त्यांचे घड्याळ तोवर दुरुस्त करा. ते नाजूक नाही, तुम्हाला जमेल. नाजूक घड्याळे ऑपरेशननंतर.

माया आहेच, हे मी गृहीत धरते.

दवाखान्याला नक्की कळवायचे आहे. येताय की नाही, ते पंचवीस तारखेपर्यंत लिहा.

सेकंदकाटा