इलाहीच्या टोळीचा पत्ता

कोल्हापूर, २८ फेब्रुवारी १९७८

चि. मुकुंद यास आशीर्वाद.

आमचे सॉर्टिंग ऑफिस बंद करण्याचा हुकूम तुझ्या सहीने आला, म्हणून लिहिते आहे. हे पत्र टपालात टाकणार नाही. बहिणीने भावाकडे वशिला लावला, असे कोणी म्हणायला नको.

ते बंद करू नये म्हणून आम्ही केलेल्या अर्जात कारण दिले होते. तू वाचले नसावेस. ऊसतोड मजुरांच्या पत्रांवर "इलाही मुकादमाची टोळी, कोल्हापूर" एवढेच असते. टोळी आज कोणत्या शिवारात आहे ते पोस्टमन सांगतात, मी फळ्यावर खडूने लिहिते आणि पत्र त्या गावच्या पिशवीत जाते. आता सॉर्टिंग दुसऱ्या जिल्ह्यात होणार. तिथून ही पत्रे 'पत्ता अपुरा' म्हणून परत फिरतील.

काल स्वतः इलाही आला होता. "बाई, तुमच्या भावाला चार दिस टोळीत धाडा की! मग कळंल आमचा पत्ता." सगळे हसले. मग हळूच म्हणाला, "लेकीच्या बाळंतपणाचं पत्र यायचं हाय."

मी टोळीचे शिवार विचारून फळ्यावर लिहिले.

तुझी,
अक्का

आज सोपवले: किल्ल्या, तारखेचा शिक्का, रिकाम्या पिशव्या आणि फळा. फळा घेणाऱ्याने तो आधी पुसून घेतला.